‘वजन उचलू नये’ : कर्करोगोपचारातील एका निषेधाची परीक्षा

१

वैद्यकाच्या इतिहासात औषधांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. पथ्यांचा इतिहास त्या मानाने फारच थोडा. औषध मान्य होण्यासाठी प्रयोग करावा लागतो आणि प्रयोगाची नोंद मागे राहते. पथ्य मात्र बहुधा सावधगिरीतून जन्मास येते, एका चिकित्सकाकडून दुसऱ्याकडे आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे तोंडोतोंडी जाते. आणि काही पिढ्या लोटल्यावर ते कोणत्या पुराव्यावर सांगितले गेले होते याचा शोध घेऊ लागल्यास हाती फारसे काही लागत नाही.

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना विसाव्या शतकात सांगण्यात येणारे एक पथ्य याच जातीचे होते. ज्या बाजूस शस्त्रक्रिया झाली त्या बाजूच्या हाताने वजन उचलू नये, जड पिशवी धरू नये, मूल कडेवर घेऊ नये, असे ते पथ्य होय. ते एखाद्या आठवड्यापुरते किंवा महिन्यापुरते नव्हते. ते जन्मभर पाळावयाचे होते. त्यामागचा हेतू उघड होता. हाताला सूज येऊ नये, आणि आलेली वाढू नये. परंतु वजन उचलल्याने सूज खरोखरच येते काय, हा प्रश्न दीर्घ काळपर्यंत कोणी पद्धतशीरपणे विचारला नव्हता.

हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर प्रयोगाने शोधण्याचे कार्य अमेरिकेतील व्यायामशास्त्रज्ञ कॅथरिन श्मिट्झ यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केले. त्यांचे मुख्य प्रयोग २००९ व २०१० या वर्षी प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर कर्करोगरुग्णांना द्यावयाच्या सल्ल्याची दिशाच बदलली. या परीक्षेची पूर्वपीठिका कोणती, ती कशा रीतीने घेण्यात आली, तिच्यातून काय सिद्ध झाले आणि काय सिद्ध झाले नाही, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

२

या सुजेचा इतिहास स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासाशी बांधला गेलेला आहे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयाचे शल्यचिकित्सक विल्यम स्ट्युअर्ट हॉलस्टेड यांनी १८९४ साली आपल्या पन्नास शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कर्करोग जवळच्या ऊतींतून क्रमाक्रमाने पसरतो, म्हणून जितके अधिक कापून काढावे तितकी रुग्णाची सुरक्षितता अधिक, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसीकाग्रंथी यांचाही उच्छेद करण्यात येई. ही पद्धती पुढे पाऊणशे वर्षांच्या आसपास प्रमाण मानली गेली.

या शस्त्रक्रियेनंतर काही स्त्रियांचा हात सुजत असे, आणि तो कधी कधी इतका सुजे की हत्तीपायाची आठवण व्हावी. खुद्द हॉलस्टेड यांनी १९२१ साली या विषयावर स्वतंत्र निबंध लिहून या विकाराला ‘शस्त्रक्रियाजन्य हत्तीरोग’ अशा अर्थाचे नाव दिले. या सुजेच्या मुळाशी जंतुसंसर्ग असावा असे त्यांचे मत होते. म्हणजे शस्त्रक्रियेचा प्रणेता आणि तिच्या उपद्रवाचा वर्णनकर्ता एकच होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सुजेची कारणमीमांसा आता अधिक स्पष्ट झाली आहे. रक्त केशवाहिन्यांतून वाहत असता त्यातील काही द्रव बाहेर झिरपतो. हा द्रव, त्यातील प्रथिनांसह, लसीकावाहिन्या गोळा करतात आणि पुन्हा रक्तप्रवाहात आणून सोडतात. हाताकडून येणाऱ्या या वाहिन्यांचा मुख्य मार्ग काखेतील ग्रंथींमधून जातो. ग्रंथी काढून टाकल्या, किंवा किरणोपचाराने तेथील ऊती घट्ट झाल्या, म्हणजे हा मार्ग अरुंद होतो. मग द्रव साचतो, हात जड होतो, कातडी ताठरते, आणि साध्या जखमेतूनही जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. वैद्यकात हा विकार ‘लिंफिडीमा’ या नावाने ओळखला जातो. तो शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी उद्भवू शकतो, तसाच काही वर्षांनीही. आणि एकदा जडला म्हणजे तो सहसा समूळ जात नाही.

पुढे शस्त्रक्रियेचे स्वरूप पालटले. १९७१ पासून बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या तुलनात्मक प्रयोगांनी हॉलस्टेड यांच्या विस्तृत उच्छेदाने आयुर्मर्यादा वाढत नाही हे दाखवून दिले. १९९० नंतरच्या दशकात काखेतील सर्व ग्रंथी न काढता प्रथम एकदोन पहारेकरी ग्रंथी तपासून पाहण्याची रीत रूढ होऊ लागली, आणि सुजेचे प्रमाणही उतरले. तथापि ते शून्यावर आले नाही. शिवाय ज्या स्त्रियांवर जुन्या रीतीने उपचार झाले होते, त्यांची संख्या मोठी होती. शस्त्रक्रिया बदलली, तरी तिच्याबरोबर आलेले पथ्य मात्र तसेच राहिले.

३

हे पथ्य निराधार असले तरी अविचारी नव्हते. त्याच्या मागे एक तर्क होता, आणि तो सकृद्दर्शनी बिनतोड वाटण्यासारखा होता. स्नायूंनी काम केले की त्यांच्याकडे रक्त अधिक जाते. रक्त अधिक गेले की द्रव अधिक झिरपतो. आणि वाहून नेण्याचा मार्ग अगोदरच अरुंद झालेला असल्याने हा जादा द्रव हातात साचून राहतो. पाटाचे तोंड बुजले असता विहिरीवरची मोट जोराने चालवू नये, असाच हा विचार होय. चिकित्सकाच्या दृष्टीने हे सांगण्यात तोटाही दिसत नव्हता. वजन न उचलल्याने कोणाचे काय बिघडणार आहे?

परंतु बिघडत होते. ज्या हाताला काम नाही तो हात क्षीण होतो. कर्करोगाच्या उपचारांनी स्नायूंचा ऱ्हास आधीच झालेला असतो. रासायनिक औषधांनी आलेला थकवा, उपचारकाळातील अंथरूण आणि वाढते वय यांची त्यात भर पडते. शिवाय मूल उचलणे, बाजारहाट करणे, पाणी भरणे, भिजलेले कपडे पिळणे ही कामे स्त्रीच्या वाट्याला आलेली असतात. ती करू नकोस असे सांगणे म्हणजे तिच्या संसारातील व उपजीविकेतील तिचे स्थान कमी करणे होय. पथ्य पाळावे तर परावलंबन, मोडावे तर अपराधाची भावना, अशा कात्रीत हजारो स्त्रिया सापडल्या होत्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पथ्य पाळूनही कित्येकींचा हात सुजत होताच.

या ठिकाणी वैद्यकातील एका समांतर प्रकरणाचे स्मरण होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णास कित्येक आठवडे अंथरुणास खिळवून ठेवण्यात येत असे. १९५२ साली बोस्टनमधील सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लाऊन यांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला, तेव्हा तो धाडसाचा मानला गेला. १९६६ साली डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवून त्यांची शक्ती मोजण्यात आली, तेव्हा त्यांची प्राणवायू उपयोगात आणण्याची कमाल क्षमता सुमारे चतुर्थांशाने उतरलेली आढळली. विश्रांती ही निरुपद्रवी नसून तिचीही मात्रा असते, आणि ती अधिक झाल्यास अपाय होतो, हा धडा हृदयरोगशास्त्राने असा घेतला. कर्करोगशास्त्राला तो घेण्यास आणखी बराच काळ लागला.

४

श्मिट्झ यांच्या कार्याला तीन भिन्न प्रवाहांची पार्श्वभूमी लाभली होती.

पहिला प्रवाह भारव्यायामाच्या शास्त्राचा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागो येथील एका सैनिकी रुग्णालयात थॉमस डेलॉर्म हे चिकित्सक जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या पायांवर उपचार करीत होते. हलक्या व्यायामाच्या अगणित आवृत्त्या करण्याऐवजी जड वजन थोड्या वेळा उचलावे आणि ते क्रमाने वाढवीत जावे, ही पद्धती त्यांनी १९४५ साली मांडली. भार क्रमाने वाढविण्याचे हे तत्त्व आजच्या सर्व भारव्यायामाचा पाया आहे. व्यायामास मर्यादा असावी हा विचार भारतीय वैद्यकासही अपरिचित नाही. सुश्रुतसंहितेत आपल्या बळाच्या अर्ध्यापर्यंतच व्यायाम करावा असे सांगितले आहे. डेलॉर्म यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी प्रत्येक रुग्णाचे बळ आकड्यांत मोजून त्या मोजमापावर पुढचा भार ठरविला.

दुसरा प्रवाह कर्करोगरुग्णांच्या व्यायामाचा. ओहायो राज्य विद्यापीठातील परिचर्याशास्त्राच्या संशोधक मेरी मॅकव्हिकर व मॅरिल विनिंगहॅम यांनी १९८० नंतरच्या दशकात रासायनिक उपचार चालू असलेल्या स्त्रियांना स्थिर सायकलीवर व्यायाम दिला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ४५ स्त्रिया होत्या आणि व्यायामाचा काळ दहा आठवड्यांचा होता. व्यायाम करणाऱ्या स्त्रियांची कार्यक्षमता वाढलेली आढळली. उपचार चालू असताना रुग्णाने विसावा घ्यावा या समजुतीला दिलेला हा पहिल्या धक्क्यांपैकी एक होय. आणि तो शल्यचिकित्सकांकडून नव्हे, तर रुग्णाच्या उशाशी दिवसभर वावरणाऱ्या परिचारिकांच्या शास्त्राकडून आला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

तिसरा प्रवाह अधिक नाट्यमय आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील क्रीडावैद्यकाचे अभ्यासक डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ साली व्हॅन्कुव्हर येथे स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या चोवीस स्त्रियांना एकत्र करून त्यांना ‘ड्रॅगन बोट’ या लांब चिनी धर्तीच्या नावेवर वल्हे मारण्यास शिकविले. वल्हे मारणे म्हणजे खांदा, दंड व काख यांचे जोरकस आणि पुनःपुन्हा होणारे काम, म्हणजेच ज्याचा निषेध होता नेमके तेच. १९९८ साली मॅकेन्झी यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. कोणत्याही स्त्रीला नव्याने सूज आली नव्हती, आणि जिला होती तिची वाढली नव्हती. मात्र हा प्रयोग नसून निरीक्षण होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि नावेवर चढलेल्या स्त्रिया मुळातच उत्साही व धडधाकट होत्या असे म्हणण्यास जागा होती. निषेधाच्या भिंतीला येथे तडा गेला. भिंत पडली नाही.

५

श्मिट्झ यांचे शिक्षण व्यायामशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या दोन शाखांत झाले होते. शरीरावर श्रमाचा काय परिणाम होतो हे पहिली शाखा शिकवते. एखादी गोष्ट खरोखर कारण आहे की केवळ सोबतीस आहे याचा निवाडा कसा करावा हे दुसरी शिकवते. त्यांच्या संशोधनात या दोन्ही विद्यांचा संयोग दिसतो.

मिनेसोटा विद्यापीठात असताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार संपून फार काळ न झालेल्या स्त्रियांना आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम देऊन पाहिला. या प्रयोगातील ४५ स्त्रियांच्या हातांची मोजमापे रेहाना अहमद यांच्यासमवेत २००६ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांच्या व्यायामानंतर व्यायामगटातील एकाही स्त्रीच्या हाताचा घेर दोन सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक वाढलेला आढळला नाही. निष्कर्ष आशादायक होता, पण संख्या लहान होती, आणि त्यांपैकी केवळ तेराच स्त्रियांना अगोदरपासून सूज होती. एवढ्याशा आधारावर शतकभराचे पथ्य मोडा असे सांगणे योग्य झाले नसते.

याच सुमारास त्यांच्या विचाराला निश्चित रूप आले. निषेधाचा तर्क हाताची वहनशक्ती ही कायमची ठरलेली मानतो. श्मिट्झ यांनी या गृहीतावरच बोट ठेवले. दुबळ्या हाताला पाण्याने भरलेली बादली म्हणजे त्याच्या सर्व बळाची कसोटी असते. तीच बादली बळकट हाताला किरकोळ वाटते. संसारात वजन उचलण्याचे प्रसंग टाळू म्हणून टळत नाहीत. मग हात जपून ठेवून प्रत्येक प्रसंगी त्याच्यावर अतिरिक्त ताण येऊ द्यावा, की त्याचे बळ हळूहळू वाढवून तो ताणच सापेक्षतेने कमी करावा? शिवाय स्नायूंच्या आकुंचनाने लसीकेचा प्रवाह पुढे ढकलला जातो, ही गोष्ट शरीरशास्त्राला माहीत होतीच. हा विचार खरा असेल तर निषेध निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारकही ठरत होता. परंतु तर्काला तर्काने उत्तर देऊन भागणार नव्हते. हाताची वाढ मोजणे भाग होते.

६

पुढील प्रयोग श्मिट्झ पेनसिल्व्हानिया विद्यापीठात आल्यावर फिलाडेल्फिया परिसरात झाला. ‘शारीरिक हालचाल व लिंफिडीमा’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘पाल’ या नावाने ओळखला जातो. त्यात दोन स्वतंत्र पण समांतर परीक्षा होत्या. एक, ज्यांच्या हाताला आधीच सूज होती अशा १४१ स्त्रियांची. दुसरी, ज्यांना सूज नव्हती परंतु काखेतील किमान दोन ग्रंथी काढलेल्या असल्याने ती येण्याचा संभव होता अशा १५४ स्त्रियांची. प्रत्येक परीक्षेत स्त्रियांची विभागणी यदृच्छेने दोन गटांत करण्यात आली. एका गटाला वजनांचा व्यायाम, दुसऱ्याला नेहमीचा जीवनक्रम. अशा विभागणीमुळे उत्साही स्त्रिया एकीकडे व निरुत्साही दुसरीकडे जमल्या असा आक्षेप उरत नाही. मॅकेन्झी यांच्या निरीक्षणातील उणीव येथे भरून निघाली.

प्रयोगाची रीत तपशिलाने पाहण्याजोगी आहे, कारण त्याचे मर्म तीतच आहे. व्यायाम आठवड्यातून दोनदा, सुमारे दीड तासाचा असे, आणि तो रुग्णालयात न होता सर्वसामान्य लोकांच्या व्यायामशाळांत होई. पहिले तेरा आठवडे लहान गटांत प्रशिक्षित शिक्षकाच्या देखरेखीखाली, आणि पुढील नऊ महिने स्त्रियांनी स्वतःच्या जबाबदारीवर. हात, खांदे व छाती यांच्या व्यायामाचा आरंभ जवळजवळ शून्य वजनापासून होई. ठरलेल्या आवृत्त्या पूर्ण झाल्या आणि हाताच्या लक्षणांत कोणताही फरक पडला नाही, तरच वजन वाढवावयाचे. आणि तेही शक्य तितक्या लहान टप्प्याने. लक्षण बदलले तर थांबावयाचे. ज्यांना सूज होती त्यांना व्यायामाच्या वेळी हातावर मापाने शिवलेली दाबपट्टी घालावी लागे. मात्र वजनाची कमाल मर्यादा अगोदर ठरविलेली नव्हती. अमुक पौंडांपलीकडे कधीच जाऊ नये, असे कोणालाही सांगण्यात आले नाही. मर्यादा शास्त्रग्रंथाने घालून न देता प्रत्येकीच्या हाताने घालून द्यावी, हे या प्रयोगाचे तत्त्व होते.

सूज मोजण्याची पद्धती आर्किमिडीजइतकी जुनी होती. हात पाण्याने भरलेल्या पात्रात बुडवावयाचा आणि बाहेर सांडलेले पाणी मोजावयाचे. दुसऱ्या हाताशी तुलना केली की आकारातील फरक मिळतो, आणि वर्षभरानंतर तीच कृती पुन्हा केली की वाढ किंवा घट कळते.

७

सूज असलेल्या स्त्रियांवरील परीक्षेची फलिते ऑगस्ट २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सूज पाच टक्के किंवा त्याहून अधिक वाढलेल्या स्त्रियांचे प्रमाण व्यायामगटात ११ टक्के व तुलनागटात १२ टक्के होते, म्हणजे जवळजवळ सारखेच. परंतु विकार बळावून तज्ज्ञाच्या उपचाराची गरज पडण्याचे प्रमाण व्यायामगटात १४ टक्के, तर तुलनागटात २९ टक्के आढळले. व्यायाम करणाऱ्या स्त्रियांच्या तक्रारींची तीव्रता उतरली, आणि हातापायांचे बळ वाढले. व्यायामामुळे कोणतीही गंभीर इजा झाल्याची नोंद झाली नाही.

सूज नसलेल्या स्त्रियांवरील परीक्षा डिसेंबर २०१० मध्ये ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये आली. वर्षाच्या अखेरीस व्यायामगटातील ७२ पैकी ८, म्हणजे ११ टक्के, व तुलनागटातील ७५ पैकी १३, म्हणजे १७ टक्के स्त्रियांना सूज आली होती. ज्यांच्या पाच किंवा अधिक ग्रंथी काढल्या होत्या, म्हणजे ज्यांना पथ्य सर्वांत कडकपणे सांगण्यात येई, त्यांच्यात हे प्रमाण अनुक्रमे ४५ पैकी ३ आणि ४९ पैकी ११ असे होते.

या आकड्यांचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. व्यायामाने सूज नाहीशी होते, असे ते सांगत नाहीत. पहिल्या परीक्षेत हाताचा आकार व्यायामगटात कमी झाला नाही. दुसरी परीक्षा व्यायामाने अपाय होत नाही हे पाहण्यासाठी रचलेली होती. सूज टळते हे निर्णायकपणे सिद्ध करण्यासाठी नव्हे. आकड्यांचा झुकाव त्या दिशेने असला तरी या लहान उपगटांतील संख्यांवर फार मोठा इमला उभारता येणार नाही. जे निःसंशय सिद्ध झाले ते एवढेच की, योग्य रीतीने, क्रमाक्रमाने व आरंभी देखरेखीखाली वजन उचलल्याने सूज येत नाही व वाढत नाही. परंतु निषेधाचा सारा डोलारा नेमका या एकाच विधानाच्या विरुद्ध टोकावर उभा होता. ते टोक निखळल्यावर त्याला आधार उरला नाही.

८

एकाच संशोधकाच्या प्रयत्नाने वैद्यकातील रीत बदलली असे क्वचितच घडते, आणि येथेही तसे घडलेले नाही. कॅनडातील रोॲन सीगल यांनी २००३ साली पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी पुरुषी संप्रेरक रोखणारे उपचार घेत असलेल्या १५५ पुरुषांवर भारव्यायामाचा प्रयोग केला. या उपचारांत स्नायूंचा ऱ्हास होतो व थकवा येतो. बारा आठवड्यांच्या व्यायामाने थकव्याचा दैनंदिन कामातील अडथळा कमी झाला आणि स्नायूंचे सामर्थ्य वाढले. केरी कोर्नेया यांनी २००७ साली रासायनिक उपचार चालू असलेल्या २४२ स्त्रियांवर प्रयोग केला, तेव्हा भारव्यायाम करणाऱ्या स्त्रियांना औषधाची ठरलेली मात्रा अधिक प्रमाणात पुरी करता आली, आणि त्यांच्यातही सूज वाढली नाही.

हे विखुरलेले पुरावे एकत्र आणण्याच्या कामीही श्मिट्झ यांचा पुढाकार होता. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २००९ साली तज्ज्ञांची परिषद भरविली. तिचे निवेदन २०१० मध्ये श्मिट्झ यांच्या प्रमुख लेखकत्वाखाली प्रसिद्ध झाले. कर्करोगाच्या उपचारांत व उपचारांनंतर व्यायाम सुरक्षित आहे, आणि रुग्णाने निष्क्रियता टाळावी, हे त्याचे सार होते. ‘श्रम टाळावेत’ या उपदेशाच्या जागी ‘निष्क्रियता टाळावी’ हा उपदेश आला. एका शतकाचे अंतर या दोन शब्दांच्या अदलाबदलीत सामावले आहे. २०१८ साली पुन्हा परिषद भरली, आणि २०१९ च्या तिच्या निवेदनांत चिंता, विषण्णता, थकवा, शारीरिक कार्यक्षमता व जीवनमान यांवर व्यायामाचा उपयोग होतो असे सांगून त्याची मात्राही देण्यात आली. बळवर्धक व्यायामाच्या बाबतीत ती आठवड्यातून दोनदा, प्रत्येक व्यायामाच्या आठ ते पंधरा आवृत्त्यांचे किमान दोन संच, अशी आहे. २०२२ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने रोगनिवारणाच्या हेतूने उपचार चालू असलेल्या प्रौढ रुग्णांना व्यायामाची शिफारस करावी असा निर्देश दिला. व्यायामतज्ज्ञांचे मत अशा रीतीने कर्करोगतज्ज्ञांच्या शास्त्रात प्रविष्ट झाले.

९

निषेध उठल्यावर उलट टोकास जाण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. या मोहालाही श्मिट्झ यांच्याच पुढील संशोधनाने मर्यादा घातली. सूज असलेल्या व वजन प्रमाणाबाहेर वाढलेल्या ३५१ स्त्रियांवरील त्यांच्या प्रयोगाची फलिते २०१९ साली प्रसिद्ध झाली. यात व्यायाम मुख्यतः घरी करावयाचा होता, आणि काही गटांत आहारनियंत्रणाने वजन उतरविण्याचा कार्यक्रमही होता. वर्षभरानंतर व्यायाम, वजनघट किंवा दोन्ही मिळून, यांपैकी कशानेही सुजेच्या स्थितीत तुलनागटाहून अधिक सुधारणा झालेली आढळली नाही. सूज वाढली नाही, ही पूर्वीची बाजू टिकली. पण ‘पाल’ प्रयोगात दिसलेला लाभ पुन्हा दिसला नाही. व्यायामशाळा, जड साधने व प्रत्यक्ष देखरेख यांवाचून तो लाभ मिळत नाही काय, असा प्रश्न यातून उपस्थित झाला. स्वतःच्या पूर्वीच्या यशाला मर्यादा घालणारे फलित तितक्याच स्पष्टपणे प्रसिद्ध करणे हे संशोधकाच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय.

व्यायामाने आयुर्मर्यादा वाढते काय, हा प्रश्न याहून वेगळा आहे. त्याचे उत्तर प्रथम मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मिळाले. मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे झालेल्या ‘चॅलेंज’ या प्रयोगात रासायनिक उपचार पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांची विभागणी करण्यात आली होती. एका गटाला तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम, दुसऱ्याला केवळ आरोग्यविषयक माहिती. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या फलितांनुसार पाच वर्षांनंतर रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८०.३ व ७३.९ टक्के, आणि आठ वर्षांनंतर हयात असलेल्यांचे ९०.३ व ८३.२ टक्के होते. मात्र हा व्यायाम प्राधान्याने चालण्यासारखा, दमसास वाढविणारा होता. वजनांच्या व्यायामाने आयुष्य वाढते असे त्यावरून म्हणता येत नाही. आणि स्नायू व सांधे यांच्या दुखापती व्यायामगटात अधिक झाल्या, हेही नोंदले पाहिजे.

आणखी एक मर्यादा परिस्थितीची आहे. ‘पाल’ प्रयोगातील स्त्रियांना शिक्षक होता, सुसज्ज व्यायामशाळा होती, मापाची दाबपट्टी होती. जेथे यांपैकी काहीच नाही तेथे ‘वजन उचला’ एवढाच अर्धा उपदेश पोहोचला, तर तो ‘वजन उचलू नका’ या जुन्या उपदेशाइतकाच अपुरा ठरेल. शेतावर भारा उचलणाऱ्या किंवा नळावरून हंडा आणणाऱ्या स्त्रीला वजन निवडण्याची मुभा नसते. तिचा भार शून्यापासून सुरू होत नाही आणि लहान टप्प्यांनी वाढत नाही. अशा स्त्रीसाठी या संशोधनाचा खरा अर्थ असा की, तिला तिच्या कामापासून दूर ठेवण्याऐवजी त्या कामासाठी तिचा हात क्रमाक्रमाने तयार करणे हे उपचाराचेच अंग मानले पाहिजे.

१०

श्मिट्झ यांनी कोणतेही नवे औषध शोधले नाही, की एखादे नवे यंत्र बनविले नाही. त्यांच्या प्रयोगाची साधने वजने आणि पाण्याचे पात्र एवढीच होती. त्यांनी केले ते असे की, सर्वजण मान्य करीत असलेल्या एका पथ्याला, नव्या औषधाला लावावी तीच कसोटी लावली. औषधाने अपाय होतो काय, हे वैद्यक नेहमी विचारते. निषेधाने अपाय होतो काय, हा प्रश्न विचारण्याची सवय त्याला अलीकडेच लागली आहे. सावधगिरीलाही किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत सावधगिरीचा सल्ला देणारा मोजत नाही. ज्याच्या हाताला काम नाकारले जाते तो रुग्ण मोजतो.

हॉलस्टेड यांच्या काळी हात सुजणे हे जीव वाचल्याचे मूल्य समजले जात असे, आणि पुढे तो हात जपून निकामी ठेवणे हे सूज टाळण्याचे मूल्य समजले जाऊ लागले. आता या दुसऱ्या मूल्याची मागणी करण्यास पुराव्याचा आधार उरलेला नाही. कर्करोगातून उठलेल्या स्त्रीने आपले मूल कडेवर घ्यावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर तिचा हात किती तयार झाला आहे यावर अवलंबून आहे; आणि हात तयार करता येतो, हे आता मोजून दाखविण्यात आले आहे.